वजाबाकीपासून सुरुवात करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत या मॅडम नववीला गणित शिकवतात. 'वास्तव संख्या' या प्रकरणात परिमेय संख्यांच्या गुणधर्मांचा तक्ता येतो: क्रमनिरपेक्षता (अदलाबदल केली तरी उत्तर तेच), साहचर्य (कंस हलवले तरी उत्तर तेच), अविकारक (ज्याने काहीच बदलत नाही ती संख्या), व्यस्त (जिच्याशी जोडल्यावर अविकारक मिळतो ती संख्या). मुलं तो घडाघडा म्हणतात, चाचणीत लिहितातही. पण पुढच्याच आठवड्यात ९ − (५ − २) आणि (९ − ५) − २ या दोन्हींचं उत्तर २ काढतात. एका मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, ह्यां तर उघडच आसा, त्येत शिकण्यासारख्यां काय?" त्यावर मॅडमना उत्तर सुचलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, दोन मार्कांचा भाग आहे, पाठ करून घ्या आणि भूमितीकडे वळा. मॅडमना वाटतं, एकतर तसंच करावं, नाहीतर बी.एस्सी.ला शिकलेलं बायनरी ऑपरेशन (दोन संख्या घेऊन एक देणारी क्रिया), ग्रुप वगैरे सोपं करून पहिल्यापासून शिकवावं. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "आमची मुलं मच्छीमारांची, आंब्याच्या बागांत कामाला जाणाऱ्यांची. एवढं अमूर्त त्यांना झेपतच नसेल का?"

प्रिय मॅडम,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण बाकीचं पत्र त्या ओळीवर उभं आहे आणि ती ओळ मला पटलेली नाही.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ साली तर ९९.०१ टक्के मुलं पास झाली. तेव्हा पास होणं ही आपल्याकडची अडचण नाही, आणि 'आमच्या मुलांना झेपत नाही' हे वाक्य निदान मार्कांच्या आधारावर तरी कुणाला म्हणता येणार नाही. पण मला मार्कांबद्दल बोलायचं नाही. तुमच्या वर्गात ज्यांच्या घरी होडी आहे त्या मुलांना विचारा, आज भरती किती वाजता? मोबाइल न बघता सांगणारं एखादं पोर निघेल. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला, दशमी असेल तर साडेसातच्या. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते आणि बारा ओलांडले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे गणित करणारा मुलगा एका वेगळ्याच बेरजेत वावरतो. तिथे १० आणि ५ मिळून ३ होतात. तिथे १२ मिळवल्याने काहीच बदलत नाही, आणि ५ मिळवल्यावर मूळ जागी यायचं तर आणखी ७ मिळवायचे. म्हणजे अविकारक १२, आणि ५ चा व्यस्त ७. विद्यापीठात याला भारदस्त नाव आहे. तुमच्या मुलांच्या घरी ते रोजचं आहे. तेव्हा अमूर्त झेपत नाही असं नाही. आपण ज्या ठिकाणी ते दाखवतो तिथे बघण्यासारखं काही नसतं.

आता त्या मुलीबद्दल. तिचा प्रश्न मला फार आवडला, आणि तिचं म्हणणं बरोबरही आहे. बेरीज आणि गुणाकार एवढ्या दोनच क्रिया समोर ठेवल्या तर सगळे गुणधर्म उघडच असतात. जे कायम खरं असतं त्याला वेगळं नाव कशाला, असं कुणालाही वाटेल. गणितज्ञांनाही शेकडो वर्षं तसंच वाटत होतं. संख्यांची जागा बदलली तरी बेरीज तीच, हे माणसाला कधीपासून ठाऊक होतं. पण या गुणधर्माला आज आपण वापरतो ते नाव सर्व्हा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली छापलेल्या लेखात दिलं. वितरणाचं, म्हणजे कंसाबाहेरचा गुणक आतल्या प्रत्येक पदाला लागण्याचं, नावही त्याचंच. तो तेव्हा संख्यांच्या पलीकडच्या क्रिया हाताळत होता, आणि तिथे जागा बदलून चालेलच असं नव्हतं. साहचर्याचं नाव त्यानंतरचं, हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाचं. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याच्या काठाने चालताना त्याला चार घटकांच्या संख्या सुचल्या. त्यांच्यातल्या काही गुणाकारांत जागा बदलली की चिन्हच उलटतं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा मित्र ग्रेव्हज याने आठ घटकांच्या संख्या काढल्या, आणि त्यांच्यात तर कंस हलवूनही चालेना. एकेक गुणधर्म हातचा निसटला तेव्हा कुठे त्यांना तो मोजण्याजोगा वाटला. मोठमोठ्यांचं असं झालं, मग नववीच्या मुलीने 'उघडच आहे' म्हटलं तर तिची काय चूक? तिला हे सांगा. आणि मग तिच्या हातात वजाबाकी द्या.

मी तुमच्या जागी असते तर तक्ता पहिल्या दिवशी उघडलाच नसता. फळ्यावर नावंही लिहिली नसती. एकच प्रश्न विचारला असता: कोणत्या क्रियेत दोन संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं? चार क्रिया मुलांना येतात. त्यांत आणखी काही घाला, पण मुलांच्या ओळखीच्याच. लसावि आणि मसावि या दोन संख्या घेऊन एक संख्या देणाऱ्या क्रियाच आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे तसं बघत नाही. दोन संख्यांची सरासरी घ्या. दोन संख्यांतला फरक घ्या, म्हणजे मोठीतून लहान वजा. दोघांतली मोठी निवडणं, हीसुद्धा क्रिया. घातांक घ्या. आणि एक बिनसंख्येची घ्या, अक्षरं जोडण्याची: 'मा' आणि 'सा' जोडले की मासा, उलट जोडले की सामा. मुलं हसतील. हसू द्या.

घातांकाजवळ जरा थांबा. कुणीतरी २ चा चौथा घात आणि ४ चा दुसरा घात करून बघेल, दोन्ही १६ येतील, आणि ते पोर जाहीर करेल की इथेही अदलाबदल चालते. करू द्या. मग शेजारच्याला २ आणि ३ घ्यायला सांगा: ८ आणि ९. एक उदाहरण जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही आणि एक उदाहरण न जुळल्याने सगळं कोसळतं, हा धडा मुलांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. पडताळा आणि सिद्धता यांतला फरक आपण भूमितीत शिकवायला जातो, तिथे मुलं आधीच घाबरलेली असतात.

दुसऱ्या तासाला कंस. मुलं क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य यांची हटकून गल्लत करतात, कारण दोन्हींत काहीतरी 'हलवलेलं' असतं आणि बेरजेत दोन्ही चालतात. त्यांना वेगळं करायचा मला ठाऊक असलेला एकच मार्ग आहे: एक आहे पण दुसरा नाही अशा क्रिया दाखवणं. अक्षरं जोडताना अदलाबदल चालत नाही, पण 'का', 'र', 'वी' यांत आधी कुठली दोन जोडली याने काय फरक पडतो? कारवीच होते. सरासरीचं नेमकं उलट. ४ आणि ८ ची सरासरी ६, तिची १६ शी सरासरी ११. आता आधी ८ आणि १६ ची घ्या, १२ येते. तिची ४ शी घेतली तर ८. तिन्हींची खरी सरासरी या दोन्हींहून निराळी, सव्वानऊच्या किंचित वर. हे उदाहरण शिक्षकांच्या खोलीतही सांगा. तोंडी, लेखी आणि प्रकल्प यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढून मुलांचं नुकसान करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

'फरक' ही क्रिया तर माझी लाडकी. पूर्ण संख्यांत अदलाबदल चालते. ० हा अविकारक आहे, कारण कुठल्याही संख्येचा शून्याशी फरक म्हणजे तीच संख्या. प्रत्येक संख्येचा व्यस्तही आहे, आणि तो ती स्वतःच: ७ आणि ७ चा फरक ०. सगळं कसं सुरळीत, आणि नेमकं साहचर्य नाही. ९, ५, २ घेऊन मुलांनाच करू द्या: एकीकडून २ येतील, दुसरीकडून ६. लसाविमध्ये याउलट बाकी सारं आहे, अविकारक १ आहे, फक्त व्यस्त नाहीत: ६ ला कशाशीही जोडलं तरी लसावि १ वर परत येत नाही. अशी दोन-तीन उदाहरणं झाली की तक्त्यातल्या चार ओळी या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना आपसूक दिसतं. मग नावं सांगा. तक्ता उघडा. तेव्हा तो पाठ करायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

जाता जाता: मोठ्यातून लहान वजा करण्यावरून कापरेकरांची गोष्ट सांगायला विसरू नका. द. रा. कापरेकर आपल्याच किनाऱ्यावरचे, १९०५ साली डहाणूला जन्मलेले, आणि तुमच्यामाझ्यासारखे शाळामास्तर. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजा करायचं, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि ६१७४ वर गाडी कायमची थांबते, सुरुवात कुठूनही केली तरी. या कृतीत 'मोठ्यातून लहान' असं बजावून का सांगावं लागतं, हे त्या मुलीला विचारा.

एक गोष्ट मात्र सोडू नका. गुणधर्म नुसत्या क्रियेचा नसतो, कुठल्या संख्यांवर ती क्रिया चालली आहे तेही सांगावं लागतं. पुस्तकात 'परिमेय संख्यांचे गुणधर्म' असं शीर्षक असतं आणि आपण 'परिमेय' शब्द वाचून पुढे जातो. नैसर्गिक संख्यांत ३ − ५ ला उत्तरच नाही, पूर्णांकांत आहे. विषम संख्यांची बेरीज विषम राहत नाही, गुणाकार राहतो. √२ आणि −√२ दोघेही अपरिमेय, बेरीज शून्य, म्हणजे अपरिमेयांच्या बाहेर. याला अर्धा तास पुरे. याहून जास्त ताणलंत तर मुलं कंटाळतील, आणि तो कंटाळा योग्यच असेल.

व्यस्तासाठी मी बाजारात जाईन. समजा हापूसच्या पेटीचा दर २००० रुपये आहे. तो २५ टक्के चढला, २५०० झाला. पुन्हा २००० वर यायला किती टक्के उतरायला हवा? वर्गातला बहुतेक प्रत्येक जण २५ म्हणेल. २५ टक्के उतरवून बघा, १८७५ होतात. हवेत २० टक्के. पुढे दोन बदल लागोपाठ झाले तर एकूण किती, याचं सूत्र मुलांकडून काढून घ्या. बदल अपूर्णांकात लिहिले तर अ आणि ब मिळून अ + ब + अब. ही एक नवीन क्रिया झाली. ती क्रमनिरपेक्ष आहे, म्हणून आधी २० टक्के आणि मग १० टक्के सूट काय, किंवा आधी १० आणि मग २० काय, एकूण सूट २८ टक्केच. साहचर्य आहे. अविकारक ०, म्हणजे दर हललाच नाही. व्यस्त आहे −अ/(१ + अ). आणि एकाच बदलाला व्यस्त नाही, −१ ला. शंभर टक्के सूट देऊन फुकट झालेल्या पेटीला टक्केवारीने पुन्हा दर आणता येत नाही. बीजगणितात छेद शून्य होतो, आणि तो का होतो ते बाजारातल्या पोराला सांगावं लागत नाही.

आता तुमचा दुसरा पर्याय, पहिल्यापासून ग्रुप वगैरे. मोह समजतो, पण नको. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातही या क्रियांवर स्वतंत्र भाग होता, अलीकडच्या छाटणीत तो गेला. तिथे जो टिकला नाही तो नववीत व्याख्या आणि चिन्हांसकट आणायची गरज नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुमची मुलं विज्ञान शाखेला गेली तरी बहुधा पदवीपर्यंत त्यांना हे भेटणार नाही. म्हणून चांदणीच्या खुणेची दोन-चार उदाहरणं जरूर करा: अ ∗ ब म्हणजे २अ + ब, तर ३ ∗ ५ किती आणि ५ ∗ ३ किती? ११ आणि १३. शून्य डावीकडे ठेवलं तर काही बदलत नाही, उजवीकडे ठेवलं तर बदलतं. वजाबाकीत हेच उलट्या बाजूने होतं: अ − ० म्हणजे अ, पण ० − अ नव्हे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात चिन्हांची अदलाबदल करणारे प्रश्न मुलांनी सोडवलेले असतात, त्यामुळे त्यांना हे परकं वाटणार नाही. चांदणी आधी आणून नंतर ओळखीच्या क्रियांकडे येऊ नका, एवढंच.

ती मुलगी हुशार दिसते, ती पुढे विचारेल की गुणाकारात कंस हलवलेले चालतात हे कशावरून. मोजसंख्यांपुरतं उत्तर पेटीतच आहे. दोन थर, प्रत्येकात चार रांगा, रांगेत पाच फळं. थराने मोजा, २ × (४ × ५). रांगांनी मोजा, (२ × ४) × ५. फळं तीच. आकडे कोणतेही घ्या, युक्तिवाद तोच राहतो, म्हणून ही सिद्धता, पडताळा नव्हे. ऋण संख्यांना पेटी चालत नाही. तिथे आपण उलट्या दिशेने जातो: गुणधर्म टिकावेत असं ठरवतो आणि नियम त्यावरून मिळतो. −१ ला १ + (−१) ने गुणलं तर उत्तर शून्य, कारण कंसात शून्य आहे. वितरण करायचं तर −१ अधिक (−१) × (−१) हेही शून्यच व्हायला हवं. मग (−१) × (−१) ला १ झाल्याशिवाय गत्यंतर नाही. 'ऋण गुणिले ऋण धन का?' हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि 'नियमच आहे' असं सांगून आपण तो बसवतो. त्याचं खरं उत्तर तुमच्या त्या दोन मार्कांच्या तक्त्यातून निघतं.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्याशी दोन मार्कांवर वाद घालू नका, त्या बाबतीत ते बरोबर आहेत. त्यांना वह्या दाखवा. १० − ४ + ३ हे उदाहरण किती मुलांनी ३ असं सोडवलंय ते मोजून न्या. कंचेभागुबेव पाठ असलेलं मूल 'बे' आधी आणि 'व' नंतर म्हणून ४ + ३ आधी करतं. खरं उत्तर ९. ही चूक निष्काळजीपणाची नाही. वजाबाकीला साहचर्य नाही, म्हणून डावीकडून उजवीकडे जावं लागतं, किंवा १० + (−४) + ३ असं लिहावं लागतं आणि मग हवं तसं फिरवता येतं. हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून ही चूक होते. २(अ + ३) चं २अ + ३ करणारी आणि (अ + ब) चा वर्ग अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग लिहिणारी मुलंही त्याच यादीत घाला. या चुकांचे मार्क दोन नाहीत, दहावीच्या बीजगणिताच्या पेपरभर ते सांडलेले असतात. तीन तास मागा. चौथा मागू नका.

आणि घटक चाचणीत 'साहचर्य गुणधर्म लिहा' याऐवजी असा प्रश्न घालून बघा: 'क्रमनिरपेक्ष आहे पण साहचर्य नाही अशी एक क्रिया सांगा आणि उदाहरणाने दाखवा.' कुणी सरासरी लिहील, कुणी फरक. कुणी वर्गात न झालेली स्वतःची क्रिया बनवेल आणि मांडणीत गडबडेल. क्रिया बरोबर असेल तर पूर्ण मार्क द्या. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी शेजारी साधा प्रश्नही ठेवा: ९ − (५ − २) आणि (९ − ५) − २ सोडवा, आणि उत्तरं वेगळी का आली ते एका वाक्यात लिहा. एक वाक्य मालवणीत आलं तरी मार्क कापू नका.